सातशे दहा गुणांचे अध्यक्ष

संगणक कोणाचाही पक्षपात करत नाही, या उदात्त तत्त्वावर ब्रह्मा घाटाच्या काशीस्थ स्नेहवर्धन मंडळाने वर्धापनदिनाची वेळवाटणी संगणकाकडे सोपवली. संगणक निनादचा होता. निनाद हा सुरुचीचा नवरा होता. आणि सुरुचीला पेटीवर एक पद म्हणायला चार मिनिटं हवी होती.

कार्यक्रम एक तासाचा, सहा ते सात. मंचावर बोलणारे पाच. मागच्या वर्षी प्रतिष्ठेच्या गुणांप्रमाणे सरळ वाटणी झाली, तेव्हा अध्यक्ष ढुंढिराजपंतांना उपाध्यक्ष विश्वेश्वररावांपेक्षा जेमतेम दोन मिनिटं जास्त मिळाली होती. पंतांनी ते वर्षभर विसरलं नव्हतं.

"दोन मिनिटांचा फरक म्हणजे फरकच नव्हे," ते म्हणाले. "मोठेपण दिसलं पाहिजे."

रेल्वेच्या संगणक विभागात नोकरी करणाऱ्या, नागपूरहून दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या निनादने मग घातांकाची पद्धत सुचवली. एक गुण वाढला की वेळ पावणेतीनपट. पंतांना ही पद्धत वेदांतली वाटली. निनादने घरी आधीच पडताळून पाहिलं होतं: पाचपैकी गुण दिले तर पंत खूष होतात आणि सुरुचीला बरोबर चार मिनिटं मिळतात.

पण गुण पाचपैकी द्यायचे, हे मंडळाला कोणी सांगितलं नव्हतं. मंडळाने काशीतल्या वास्तव्याच्या प्रत्येक पिढीला शंभर गुण ठरवले. घरोघरी वंशावळी बाहेर निघाल्या. पंतांच्या सात पिढ्या निघाल्या, विश्वेश्वररावांच्याही सातच. बोलणाऱ्यांपैकी उरलेल्या अंबिकाबाईंच्या सहा, श्रीरामभाऊंच्या पाच. सुरुचीची काशीत एकही पिढी नव्हती. पाहुणी म्हणून तिला दहा गुण देण्यात आले. अध्यक्षपदाचे जादा दहा गुण पंतांनी स्वतःच्या सहीने स्वतःला मंजूर केले.

बैठकीत निनादने कळ दाबली. पंतांच्या नावासमोर आलं: 'अनंत'.

पंतांचे डोळे भरून आले. "हे फलकावर छापून घ्या."

"पंत, ती अडचण आहे," निनाद म्हणाला. "घातांक सातशे नऊच्या पुढे गेला की संगणकाचं माप भरून सांडतं. तुम्ही सातशे दहा आहात."

"म्हणजे मी संगणकात मावत नाही."

"नाही."

"लिहून घ्या हो श्रीरामभाऊ."

चिटणीस श्रीरामभाऊंनी लिहून घेतलं. मग निनादने वेळेचा तक्ता दाखवला. पंतांना मिळालेला वेळ होता 'संख्या नाही', बाकी चौघांना शून्य.

"अनंताला अनंताने भागलं की असंच येतं," निनादने खुलासा केला. "उपाय आहे. सगळ्यांच्या गुणांतून सर्वांत मोठा आकडा वजा करायचा. आपसांतलं प्रमाण तेच राहतं आणि हिशेब मापात येतो."

"सर्वांत मोठा आकडा कोणाचा?"

"आपला."

"म्हणजे माझ्यातून मला वजा करणार. मग मी किती उरतो?"

"शून्य."

विश्वेश्वरराव दहा वर्षांत पहिल्यांदा बैठकीत हसले. "बढिया पद्धत आहे. एकदम शास्त्रीय."

"तुम्ही वजा दहा," निनाद म्हणाला.

"ये क्या बदतमीजी है, निनादराव? माझे खापरपणजोबा याच घाटावर संथा घेत होते, ते काय उणे व्हायला?"

"वेळेत फरक पडत नाही हो, काका. उत्तर तेच येतं."

"उत्तराचं कोण विचारतंय?" पंत शांतपणे म्हणाले. "सात पिढ्या काशीत राहून मी शून्य, हे इतिवृत्तात जाणार नाही."

अर्धा तास कोणी चहालाही हात लावला नाही. शेवटी अंबिकाबाईंनी मार्ग काढला. "वजा करायचंच आहे ना कोणाला तरी? मग सर्वांत लहानाला करा. आपल्याकडे रीतच आहे ती."

निनादने मनात आकडा मांडला. सातशे दहातून दहा गेले की सातशे. सातशे मापात बसत होते. त्याने खाली मान घालून सांगितलं, "गणिताला चालेल."

ठराव एकमताने मंजूर झाला: सर्वांत कनिष्ठ सदस्याचे गुण सर्वांच्या गुणांतून वजा करण्यात यावेत, आणि या संधीबद्दल सदर सदस्याने मंडळाचे आभार मानावेत.

संगणकाने या वेळी अचूक उत्तर दिलं. पंतांना एकोणसाठ मिनिटं, एकोणसाठ पूर्णांक आठ दशांश सेकंद. विश्वेश्वररावांना एका सेकंदाचा सहावा हिस्सा.

घरी सुरुची पेटी पुसत होती. "किती वेळ मिळाला?"

"शून्य नाही मिळाला."

"किती, ते विचारलं मी."

"सेकंदांत मांडला तर दशांशचिन्हानंतर तीनशे शून्यं येतात. मग एक तीन आहे."

सुरुचीने पेटीचं झाकण लावलं. "बरं. वरण तेवढंच वाढू का?"

वर्धापनदिनी पंत जवळजवळ पूर्ण साठ मिनिटं बोलले. सात पिढ्यांपैकी ते चौथीपर्यंत पोचले. नंतर विश्वेश्वरराव उठले, त्यांनी घसा खाकरला आणि त्यांचा वेळ संपला. सात वाजले. पंतांनी वेळेचं बंधन पाळल्याबद्दल संगणकाचं अभिनंदन केलं, सुरुचीने ठरावाप्रमाणे मंडळाचे आभार मानले, आणि सभागृह रिकामं करायचं म्हणून सगळे लगबगीने चपला शोधू लागले.

पेटी उचलता उचलता सुरुचीने रखवालदार वासुदेवला विचारलं, "भैया, सात के बाद किसकी बुकिंग है?"

"किसी की नहीं, भाभीजी. दस बजे तक आप ही लोगों का है. हर साल सात बजे काहे भाग जाते हैं, हमको तो आज तक समझ में नहीं आया."

सुरुचीने पेटी खाली ठेवली आणि भाता सोडला. निनाद आणि वासुदेव समोर बसले. पद अकरा मिनिटं चाललं.

आरक्षणाच्या पावतीवर 'सायं. ६ ते १०' असं स्पष्ट छापलेलं आहे. ती पावती मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर दरवर्षी येते, आणि तिच्याखाली प्रत्येक सदस्य जोडलेल्या दोन हातांचं चित्र टाकतो.