हुक असलेला ॲम्प्लिफायर

आधीच सांगून ठेवतो. गिटारचा ट्यूब ॲम्प्लिफायर घरी बनवणं अजिबात अवघड नाही! तीन-चार व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि थोडं डोकं, एवढंच लागतं. डोकं सोडून सगळं मला मिळालं.

मी जयराज. गाव उंब्रज, वय बत्तीस, डिप्लोमा झालेला, शिरवळच्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी, पाच एकर ऊस, डोक्यावर केस अजून शाबूत आणि लग्न नाही! आमच्या भागात हल्ली पोरगी बघायला जात नाहीत, परीक्षेला बसायला जातात. मी एकोणीस वेळा बसलो. "शेती आहे का?" आहे. "शेतात राबावं लागेल का?" नाही. "पुण्यात फ्लॅट?" इथं आमचा पेपर कोरा. एकोणिसाव्या नकारानंतर आईनं माझ्यापुढं ताट ठेवताना नुसता उसासा सोडला होता आणि तो मला नकारापेक्षा जास्त लागला होता.

विसावं स्थळ सांगलीचं आलं. अंकिता. बँकेत नोकरी. बायोडाटात छंद म्हणून लिहिलेलं, गिटारवादन. फोटो बघितला आणि मी गार! घरच्यांनी फोनवर बोलायची परवानगी दिली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "तुमचा छंद काय?"

खरा छंद सांगायचा तर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर व्हिडिओ बघणे. त्या आठवड्यात मी एका टकल्या गोऱ्या माणसाला ॲम्प्लिफायर बनवताना बघत होतो. तोंडातून निघून गेलं, "मी ट्यूब ॲम्प्लिफायर बनवतो."

"काय सांगता! ते काचेच्या व्हॉल्व्हचे? जुन्या रेडिओत असायचे तसले?" तिचा आवाज एकदम चढला. "मी खरा ट्यूब ॲम्प अजून ऐकलेलाच नाही हो! किती बनवलेत आतापर्यंत?"

"सहा," मी म्हणालो. "सातवा चालू आहे."

सहा का म्हणालो, देव जाणे! एक म्हणालो असतो तरी खोटंच होतं, पण निस्तरता आलं असतं.

"मग तीन आठवड्यांनी रविवारी आम्ही घर बघायला येणारच आहोत," अंकिता म्हणाली. "मी गिटार घेऊनच येते!"

फोन ठेवला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

म्हणजे तीन आठवड्यांत एक ॲम्प्लिफायर उभा करायचा, नाहीतर विसावा नकार! पहिला प्रश्न, व्हॉल्व्ह आणायचे कुठून? कंपनीतल्या एकानं जत भागातल्या बिराप्पांचं नाव सांगितलं. ऐन उमेदीत ते जत्रांमध्ये लाऊडस्पीकर लावायचे. पुढच्याच रविवारी मोटरसायकल काढली. बिराप्पा मेंढरांच्या वाड्यापाशी बसले होते. माझं ऐकून त्यांनी डोळे बारीक केले.

"कशाला पायजे म्हनला?"

"लग्नासाठी."

"आता लग्नात डीजे लावत्यात की रं!"

"तसं नाही मामा. लग्न ठरण्यासाठी पाहिजे."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पण माणूस दिलदार! माळ्यावरचं जुनं मशीन काढून दिलं, दोन्ही ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि स्पीकरसकट. वर बजावलं, "ह्यात तीनशे-चारशे व्होल्ट खेळत्यात. बंद केल्याव बी आत करंट ऱ्हातो. हात घालायच्या आदी तो मोकळा कर. इसरलास, तर लग्न ऱ्हाईल आनि दहावं हुईल."

मी एकदा विसरलोच. दुसऱ्या दिवशी कंपनीत डाव्या हातानं जेवलो.

आता हे सगळं बसवायला पत्र्याचा डबा हवा. त्यासाठी वीरधवल! माझा शाळेपासूनचा दोस्त. गल्लीच्या तोंडाशी त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. उसाच्या ट्रॉल्या बनवतो आणि त्याच्या ट्रॉलीला तीन तालुक्यांत मागणी आहे. मी त्याला चित्र काढून दिलं, मापं लिहून दिली. फूटभर लांबीचा पातळ ॲल्युमिनियमचा डबा. त्यानं चित्र उलटसुलट करून बघितलं.

"लोड किती येनार?"

"लोड कसला? नुसते व्हॉल्व्ह बसवायचेत रे."

"तरीबी."

चार दिवसांनी तो डबा दोन माणसं उचलून घेऊन आली! चार एमएमचा लोखंडी पत्रा, कडेनं अँगल, लालभडक रंग, मागं रेडियमच्या पट्ट्या, वर पिवळ्या अक्षरात 'आई-वडिलांचा आशीर्वाद' आणि पुढं ट्रॉलीला असतो तसला दणकट हुक!

"वीरधवल, हुक कशाला?"

"सवय," तो म्हणाला. "आन खाली पानी निघायला भोकं बी ठेवल्यात."

"ॲम्प्लिफायरमध्ये पाणी कुठून येणार रे?"

"पानी कुठनं बी येतंय गड्या."

नवीन डबा करायला वेळ नव्हता. कपाळावर हात मारला आणि त्यातच जोडाजोडी सुरू केली. कंपनीतून आलो की सोल्डरिंग, जेवण झालं की सोल्डरिंग. हाताला इतके चटके बसले की आई रोज तूप लावायला यायची.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, संध्याकाळी, पहिल्यांदा बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबूस उजळले. वा! आणि मग त्या डब्यातून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही! कारखान्याचा भोंगा घरात घुसल्यासारखं झालं. गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं. माझे वडील हंबीरराव, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ते ओट्यावर चहा पीत होते. "समदे खाली झोपा!" असं ओरडून ते स्वतः अंगणात पालथे झोपले, कपबशीसकट.

"आवं, बघा तरी!" आई आतून ओरडली. "पोरानं डुक्कर आनलंया का काय घरात!"

बिराप्पांना फोन लावला. ते फोनवरूनच आवाज ऐकून म्हणाले, "मागच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. अदलाबदल कर." केली. एकदम शांत! मी त्या मोबाईललाच नमस्कार केला.

आणि शनिवारी दुपारी, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, शेजारगावाहून मागून आणलेली गिटार लावली आणि एक तार छेडली. काय आवाज तो! भरदार, गोड, ऊबदार! मला गिटार येत नाही. तरी ती एकच तार मी अर्धा तास छेडत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या हातानं काहीतरी बनवलं होतं. उद्या आपलं जमणार, आईचा उसासा संपणार, असं मनानं घेतलं.

रविवारी सकाळी मी हायवेला पाहुण्यांना आणायला गेलो. अंकिता, तिचे वडील नानासो आणि तिची आई. नानासो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पायांत नवे पांढरे मोजे. अंकिताच्या पाठीवर गिटार. घरी आलो तर सोप्यात माझा ॲम्प्लिफायर चौरंगावर! हळदीकुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला, पुढं उदबत्ती.

"अय्या, पूजा केलीत?" अंकिता हसली.

"नवं यंत्र हाय. पूजेबिगर कसं चालू करनार?" आबा ताठ उभे राहून म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं! आईनं सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. मीही खाल्लं. चांगलं गोड होतं. हा नारळ फुटला कुठं, एवढं विचारायची अक्कल मला झाली नाही!

चहापोहे झाले. सगळे बसले. नानासो मानानं पुढच्या खुर्चीत, चौरंगाला पाय टेकून. अंकितानं गिटार मांडीवर घेतली, वायर हातात धरली. "थांबा, आधी व्हॉल्व्ह तापू द्यायचे असतात," मी सहा ॲम्प्लिफायर बनवलेल्या माणसाच्या ऐटीत म्हणालो आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह उजळले. अंकिताचे डोळे चमकले. आणि तेवढ्यात खमंग वास सुटला.

"आई, खोबरं भाजतेस का?"

"न्हाई रं, मी हितंच हाय की."

फाट्ट! डब्यातून निळा जाळ निघाला! आता एक सांगायचं राहिलं. आमच्या घरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून आबांनी त्यात सायकलच्या ब्रेकची तार घातलेली आहे. ती कशाला उडतेय! त्यामुळे उडाली ती चौकातली डीपी. बाहेरून धडाम् असा आवाज आला आणि गल्लीतले पंखे, गिरणी, टीव्ही, सगळं एकदम मुकं झालं. त्या शांततेत ॲम्प्लिफायरच्या खालच्या भोकातून नानासोंच्या नव्या मोज्यांवर टप टप पाणी पडायला लागलं.

"हे पानी कसलं?" नानासोंनी पाय वर घेतला.

"नारळाचं!" आबा अभिमानानं म्हणाले. "हुकावरच फोडला. एका दणक्यात! आमच्या पलटनीत नवी गाडी आली की पुढं नारळ फुटल्याबिगर जाग्यावरनं हलायची न्हाई."

मी भिंतीला टेकलो. तीन आठवडे, भाजलेली बोटं, जतचा प्रवास, सगळं त्या नारळाच्या पाण्यात बुडालं होतं. पण अंकिता गुणाची! ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या हो, होतं असं. लाईट आली की सहावा लावू. सहावा कुठंय?"

मी छताकडे बघायला लागलो.

"कसला सहावा?" आईनं विचारलं.

"यांनी आधी सहा बनवलेत ना."

"ह्यानं?" आई कौतुकानं पुढं सरकली. "अगं पोरी, ह्ये पयलंच! तुमी येनार म्हनून तीन आठवडं धड जेवलं न्हाई माजं लेकरू. त्येला ह्यातलं काय बी येत नव्हतं बघ!"

आईला वाटलं, तिनं माझी बाजू भक्कम केली. अंकितानं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तरी चाललं असतं. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

एवढ्यात दारात वीरधवल! कपाळावर वेल्डिंगचा चष्मा, हातात पाना. "जयराज, डीपी तू उडवलीस व्हय रं? माजी ट्रॉली अर्धी जोडून पडलीया!" पाहुणे दिसले तसा त्याचा आवाज खाली आला. "नमस्कार."

त्याच्या मागं गल्लीतली सात-आठ माणसं. मला हाताला धरून त्यांनी डीपीपाशी नेलं. गिरणीवाला वेगळा, पाण्याची मोटर बंद पडलेला वेगळा, जो तो मला एकच विचारत होता, "लाईट कवा येनार?" जसा काही मीच वायरमन! खरा वायरमन यायला दीड तास लागला.

त्या दीड तासात घरी काय झालं ते मला आईकडून कळलं. वीरधवल मागं उंबऱ्यावरच टेकला होता. नानासोंनी वाकून ॲम्प्लिफायरवर टिचक्या मारून बघितल्या. "आतलं समदं जळालं, खरं बॉडीला पोचा न्हाई! कुणी केली?" वीरधवल म्हणाला, "मी." मग अंकितानं त्याला विचारलं, "तुम्हाला गिटारमधलं कळतं का?"

"न्हाई जी. मला फक्त ट्रॉली कळती. खरं तुमी वाजवा, मी ऐकतो."

"लाईट नाही. याचा आवाज अगदी बारीक येईल."

"मग जवळ बसून ऐकतो की!" असं म्हणून हा पठ्ठ्या उंबऱ्यावरून उठून पुढं येऊन बसला. ती अर्धा तास वाजवत होती आणि हा मान खाली घालून ऐकत होता. मी मात्र डीपीखाली शिव्या ऐकत होतो.

गुरुवारी संध्याकाळी आबांना नानासोंचा फोन आला. आबांनी स्पीकर चालू केला. आई पदर सावरून उभी राहिली.

"हंबीरराव, पोरगा लय आवडला आमाला!"

आईनं धावत जाऊन साखर आणली आणि माझ्या तोंडात चिमूट कोंबली. मी आबांच्या पायाच पडलो!

"प्रामानिक हाय," फोनवरून नानासो पुढं म्हणाले. "जे येतंय ते येतंय म्हनतो, जे न्हाई ते न्हाई. अंकिताला बी तेच पटलं. त्येच्या घरच्यांचा नंबर तेवढा द्या की."

तोंडातली साखर गिळू का थुंकू, मला कळेना. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि सैनिकाला शोभेल अशा आवाजात वीरधवलच्या वडिलांचा नंबर सांगितला. आई स्वैपाकघरात गेली. उसासा मला बाहेरपर्यंत ऐकू आला.

लग्नाची पत्रिका द्यायला वीरधवल स्वतः आला. दारातच घुटमळला. "रागावलास व्हय रं?"

"नाही रे," मी म्हणालो. रागावलो होतो, पण कुणावर, ते ठरत नव्हतं.

"मग सांगलीला दोन दिवस आदीच ये." तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. "आन एक सांगायचं ऱ्हायलं. अंकिता म्हनलीया. स्टेजमागच्या वायरींस्नी तेवढा हात लावू नको गड्या."

गेलो. लग्नभर दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. अक्षता टाकायला तेवढे बाहेर काढले, तर नानासो मंगलाष्टकं सोडून माझ्याकडेच बघत होते!