शून्याची लेबलं

शनिवारी सकाळी आर्वो लाम्पी तळघरात हातमोजे चढवून, श्वास रोखून वजनकाट्याकडे पाहत होता. काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा होता. एरवी कॉफी करताना डब्यातून हाताला येईल तेवढी पूड ओतणारा हा माणूस ई-सिगरेटच्या लिक्विडमध्ये वेलदोड्याचा अर्क थेंबाथेंबाने सोडत होता. एक थेंब जास्त पडला तर त्याचा चेहरा घरात कोणी गेल्यासारखा होई.

दुकानातलं लिक्विड त्याने कधीच सोडलं होतं. कॅनडातल्या थंडर बे नगरपालिकेच्या बर्फ काढणाऱ्या गाड्यांवर तो बावीस वर्षं ड्रायव्हर होता, आणि डेपोतल्या पोरांना जेवणाच्या सुट्टीत त्याचं प्रवचन ऐकावं लागे. "आधी जिभेवर ब्लूबेरी आली पाहिजे," तो डोळे मिटून सांगे, "मग लोणी, मग वेलदोडा. आणि शेवटी घशाला तो ठोका. ठोका ओळखता यायला लागतो बाबांनो. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही ते."

हा ठोका म्हणजे निकोटीनचा. आणि गोम नेमकी तिथेच होती.

एक जानेवारीला त्याची बायको मर्लीन हिने त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला होता. मर्लीन औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे तिचं अक्षर सोडून सगळं काही स्वच्छ आणि स्पष्ट असे. कागदावर एवढंच होतं: आर्वो फेब्रुवारीपर्यंत निकोटीन शून्यावर आणेल; त्याबद्दल तो खोटं बोलल्याचं उघड झालं, तर त्याची बोट मर्लीनच्या भावाची, रायमोची. खाली तिघांच्या सह्या. कागद फ्रिजवर मूसच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, आकाराच्या चुंबकाखाली लटकत होता, आणि रायमो घरी आला की आधी तो वाचायचा, मग बिअर काढायचा.

ती अठरा फुटी बोट आर्वोचा जीव की प्राण होती. सासऱ्यांनंतर तिच्यातून मासेमारी करणारा तोच. तिच्यासाठी त्याने निकोटीन नक्कीच सोडलं असतं, पण त्याहून सोपा मार्ग सापडला. त्याने प्रत्येक बाटलीवर ठळक ‘शून्य’ असं लेबल लावलं आणि निकोटीनची मोठी बाटली गॅरेजमधल्या डीप फ्रीझरमध्ये, मूसच्या मांसामागे दडवली. निकोटीन थंडीत टिकतं, आणि त्या मांसाला चार वर्षं कोणी हात लावला नव्हता.

"झालं ना शून्य?" मर्लीनने फेब्रुवारीत विचारलं होतं.

"लेबल वाच की," आर्वो म्हणाला होता, आणि तिने वाचलं होतं.

आता ऑक्टोबर. आजचं मिश्रण त्याच्या कारकिर्दीचा कळस होता: ब्लूबेरी घातलेला पुल्ला, म्हणजे सासूबाई करतात तो वेलदोड्याचा गोड पाव. पण असं लिक्विड तीन आठवडे अंधारात मुरावं लागतं, आणि आर्वोला तीन तासही दम निघत नव्हता. उबेत ते लवकर मुरतं हे त्याला ठाऊक होतं. मुरवणारे लोक बाटल्या कोमट पाण्यात ठेवतात. पण आर्वो फिनलंडहून आलेल्या आजोबांचा नातू, आणि तळघरात त्याचा सौना होता. देवाने वाफेची खोली दिली असताना भांड्यात पाणी कशाला तापवायचं? त्याने सौना अगदी मंद आचेवर लावला, सहा बाटल्या वरच्या बाकावर ओळीने मांडल्या आणि झाकणं सैल केली. शनिवारचा सौना संध्याकाळी सहाला, पहिली पाळी सासूबाईंची, म्हणजे घरात सगळे ज्यांना मम्मू म्हणत त्यांची. चार वाजता बाटल्या काढल्या की काम फत्ते.

अकरा वाजता रायमोचा फोन आला. "भाऊजी, बोट पाण्यातून काढायची ना आज? पुढच्या आठवड्यात तळं गोठायला लागेल. गाडी घेऊन येतो."

"तुला का एवढी काळजी?"

"वस्तू कोणाचीही असो," रायमो म्हणाला, "जपली पाहिजे."

बोट काढायला दुपार गेली. आधी ट्रेलरचं चाक चिखलात रुतलं, मग रायमोने बोटीच्या कडेवरून इतक्या मायेने हात फिरवला की आर्वोचं लक्ष उडालं आणि दोरी पाण्यात गेली. घरी पोचेपर्यंत पाच वाजले.

दार उघडताच आर्वोच्या नाकात ब्लूबेरी शिरली. मग लोणी. मग वेलदोडा.

"मम्मूने पुल्ला केलाय वाटतं!" रायमो खूश झाला.

मर्लीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. "आई सौनात आहे," ती म्हणाली. "सात वाजता हॉकीची मॅच आहे ना, म्हणून तिने आज लवकर तापवायला सांगितला. साडेचारपासून बसलीय."

आर्वो बुटांसकट जिना उतरला. सौनाच्या दाराखालून जांभळट वासाची वाफ येत होती आणि आतून हीटरच्या तापलेल्या दगडांवर काहीतरी ओतल्याचा चर्र आवाज झाला.

"मम्मू!" त्याने दार बडवलं. "मम्मू, बाहेर या!"

"का?" आतून ब्याऐंशी वर्षांचा खणखणीत आवाज आला. "माझी पाळी संपली नाही अजून."

"हीटर बिघडलाय!"

"हा हीटर तुझ्या सासऱ्यांनी बसवलाय. तू बसवला असतास तर आले असते बाहेर."

"मम्मू, तुम्ही दगडांवर काय टाकताय?"

"या बाकावरच्या अत्तराच्या बाटल्या. मर्लीनने आणल्या असतील माझ्यासाठी. बादलीत थोडं टाकते आणि मारते. चौथी चाललीय. फार गुणी पोरगी हो."

चौथी! आर्वोच्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली आणि प्रत्येक वेळी उत्तर सासूबाईंच्या अंत्यविधीपर्यंत जाऊन थांबू लागलं. निकोटीन म्हणजे विष, आणि बंद खोलीत त्याची वाफ! मागे जिन्यावर मर्लीन आणि रायमो येऊन उभे राहिले होते. मर्लीनच्या हातात अर्धा सोललेला बटाटा आणि सुरी होती.

"काय झालं रे?" तिने विचारलं.

आर्वोने एकदा दाराकडे पाहिलं आणि एकदा रायमोकडे. डोळ्यांसमोर बोट आली, पहाटेचं तळं आलं, आणि सुकाणूवर बसलेला रायमोही आला. आतमध्ये पुन्हा चर्र झालं.

"त्यात निकोटीन आहे!" आर्वो ओरडला. "सगळ्या बाटल्यांत! लेबलं खोटी आहेत, मी आठ महिने खोटं बोलतोय, मर्लीन! बोट घ्या, घर घ्या, पण आधी म्हातारीला बाहेर काढा!"

रायमोने हळूच टोपी काढली. शोकाने की आनंदाने, ते सांगणं कठीण होतं.

मर्लीन बटाट्याची उरलेली साल काढू लागली.

"अगं, तुझी आई मरेल!"

"नाही मरायची. त्यात काही नाहीये."

"मी स्वतः घातलंय! फ्रीझरमधल्या..."

"मूसच्या मागच्या बाटलीतलं," मर्लीन म्हणाली. "फेब्रुवारीत त्या मूसमधलं थोडं रांधायला काढलं होतं मी. तेव्हाच बाटलीतलं सगळं कामावरच्या कचऱ्यात नीट टाकलं, आणि तिच्यात साधं ग्लिसरीन भरून ठेवलं. खोकल्याच्या औषधात घालतात ते. संपत आलं की पुन्हा भरते."

आर्वो खालच्या पायरीवर बसला. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच मनापासून खरं बोलला होता, आणि तेच नेमकं खोटं निघालं. त्या घरात इतके दिवस सत्य सांगत होती ती फक्त लेबलं.

"पण... ठोका?" तो पुटपुटला. "घशाला ठोका बसत होता मला. परवाच डेपोत सांगितलं पोरांना."

"वेलदोडा लागत असेल," रायमो समजुतीने म्हणाला. मग घसा खाकरून त्याने कामाची गोष्ट काढली. "कागदावर मात्र ‘निकोटीन ओढलं तर’ असं नाहीये हं भाऊजी. ‘खोटं बोलल्याचं उघड झालं तर’ असं आहे. मी दर आठवड्याला वाचतो."

"मी गप्प बसलो असतो तर?"

"तर मी कशाला बोलले असते?" मर्लीन म्हणाली. "छान चाललं होतं की तुझं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आर्वोने खिशातून बोटीची किल्ली काढली. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

तेवढ्यात सौनाचं दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेल्या, उकडलेल्या बीटासारख्या लालबुंद मम्मू बाहेर आल्या. त्यांच्याबरोबर वाफेचा एवढा लोट आला की तिघांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"सगळं ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "ती किल्ली ठेव परत खिशात. रायमो, हात मागे. तुझी आई आत मरतेय म्हटल्यावर तू टोपी काढलीस. या गाढवाने निदान बोटीवर पाणी सोडलं."

"पण मम्मू, कागद..."

"कागद आण, शेगडीत घालू. आणि जावईबापू, दर शनिवारी मला असल्या दोन बाटल्या पाहिजेत. पुढच्या वेळी लोणी जरा कमी घाल."

सातला सगळे मॅचसमोर बसले. आर्वोने सवयीने ई-सिगरेट तोंडाला लावली, ओढली आणि खाली ठेवली. मग पाय हलवू लागला. मग उठला, फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा बसला. शेजारी मम्मू चॉकलेट चघळत होत्या त्या आवाजाने त्याला रडू यायचं बाकी होतं.

"काय होतंय तुला?" मर्लीनने विचारलं.

"तलफ," आर्वो दात आवळून म्हणाला. "निकोटीनची. सहन होत नाहीये."

"अरे, तुझं सुटून आठ महिने झाले!"

"हो," आर्वो म्हणाला, "पण मला आजच कळलं ना!"