मालक नसलेला डबा

आमच्या शेजारचे हणमंतआण्णा घरी आले की 'काय चाललंय' असं विचारत नाहीत. खिशातून प्लॅस्टिकची नळी काढून पुढे करतात आणि म्हणतात, "वहिनी, थुका." बरं, माणूस वेडा म्हणावा तर फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. पलूसला ऊस, विश्रामबागेत आमच्या भिंतीला भिंत लावून घर आणि पायांत रोज पॉलिश केलेले बूट. पण चहाच्या आधी थुंकी मागणारा शेजारी मी आयुष्यात पहिलाच पाहिला.

थुंकीवरून म्हणे रक्ताची नाती कळतात. नळी प्रयोगशाळेत जाते, अहवाल येतो आणि तो आण्णा त्यांच्या 'मंडळात' ठेवतात. हे मंडळ काय आहे ते त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय, की आता मला माझा गोंधळच पाठ झालाय.

"ऑफिस कुठं आहे तुमच्या मंडळाचं?"

"न्हाई."

"मालक कोण?"

"मालकच न्हाई. परतेकाच्या घरात एक डबा, म्हंजी बारका कंप्यूटर. तुमच्या अहवालाचं तुकडं करून ह्या डब्यांत वाटून ठेवायचं. किल्ली तुमच्यापाशी."

"म्हणजे माझी थुंकी परक्याच्या घरात?"

"थुकी न्हाई वो, अहवाल! त्यो बी कुलपात." मग कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं, पूर्वी गावात लग्नाची भांडी कशी असायची? एकाच्यात हंडा, एकाच्यात परात, एकाच्यात झारा. भांडी गावाची, ठेवायची घराघरांत. तसंच हाय ह्ये."

भांडी मला समजली. भांड्यांना कुलूप कशाला, ते काही समजलं नाही.

आमचे हे थुंकायलाच तयार नव्हते. "ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतात, आणि हा माणूस तर लाळच मागतोय!" शेवटी आण्णांनी पिशवीभर हुरडा आणून दिला, तेव्हा हे विरघळले. अहवाल आला तर काय, आण्णांचं आणि ह्यांचं कुठलंसं लांबचं नातं निघालं! तेव्हापासून ते ह्यांना 'पाव्हणं' म्हणतात. दूधवालाही पाव्हणं, गॅसवालाही पाव्हणं. "ह्या कृष्णाकाठाला चार पिढ्या मागं जावा, समदी एकमेकाची सासुरवाडी," हा त्यांचा ठरलेला सिद्धान्त.

कॉलनीत बोलवा होती की आण्णा आपल्या घराण्यात कुणी सरदार सापडतो का ते बघतायत. हल्ली सगळ्यांनाच सरदार हवा असतो. पण सरदार शोधणारा माणूस आटपाडीच्या माळावर मेंढरांच्या तळावर जाऊन धनगरांपुढे नळ्या कशाला धरेल? तिथले लोक आधी त्यांना जनगणनेवाले समजले, मग इलेक्शनवाले. एका म्हाताऱ्याने तर तंबाखूसकट नळी भरून दिली.

आणि तो डबा! तो कधीच बंद नसायचा. लाइट गेली की आण्णांचा इन्व्हर्टर फक्त डब्याला चालायचा आणि ते स्वतः बनियनवर, पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे. मुलगा कॅनडात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आवाज म्हणून काय तो डब्याचाच.

मग त्यांची छाती दुखायला लागली आणि मिरजेला ऑपरेशन ठरलं. जाण्याआधी आण्णा डबा उचलून आमच्याकडे आले. "वहिनी, काय बी होऊ दे, ह्यो बंद करू नका."

मी चिडलेच. "आण्णा, दवाखान्यात जाताना माणूस दागिने ठेवायला देतो. हे काय भलतंच?"

ते खुर्चीत बसले. बूट काढायचंही विसरले.

"आईची पोरं जगत नव्हती," ते म्हणाले. "मग पोरगी झाली. खतासाठी शेतात मेंढरं बसवली हुती, त्यातल्या एका धनगरणीच्या पदरात आईनं ती सुपात घालून दिली. परक्याची झाली की मरण तिच्या वाटंला जात न्हाई, असं मानायचे. पुढच्या साली मेंढरं आली की सूपभर जोंधळं द्यायचं आन् पोर परत घ्यायची. पर पुढच्या साली ती मेंढरं आलीच न्हाईत. मी मागनं झालो. मेंढरांची घंटी वाजली की आई सूप घिऊन बांधाकडं पळायची. मरूस्तवर पळत हुती."

ह्यांनी उठून डब्यासाठी टीव्हीची पिन काढली.

"आधी एका कंपनीत अहवाल ठेवला हुता. मालकानं दुकानच इकलं. ह्याला मालकच न्हाई, तर इकणार कोण? मी मेलो तरी माझं रगात हितं ऱ्हाईल. ती कवा बी हुडकत आली तर मी गावायला पायजे."

आण्णा ऑपरेशन होऊन येईपर्यंत डबा आमच्याकडे होता. एकदा लाइट गेली तर ह्यांनी फ्रिज इन्व्हर्टरवरून काढला आणि डबा लावला. श्रीखंड नासलं. मी चकार शब्द काढला नाही.

दिवाळीनंतर मंडळातून निरोप आला. पुण्यात नर्स असलेली एक मुलगी, घर आटपाडीकडचं, आण्णांशी जवळचं रक्त; तिनेही नळी भरून दिली होती. तिची आजी हयात होती.

आण्णांनी नवं सूप आणलं, जोंधळ्याने भरलं आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले. आम्हीही बरोबर गेलो. अंगणात बाजेवर एक म्हातारी बसली होती. नाक हुबेहूब आण्णांचं. आण्णांनी सूप तिच्यापुढे ठेवलं. तिला लहानपणीच सगळं सांगितलेलं असावं, कारण तिने काहीच विचारलं नाही. जोंधळ्यात हात घालून तिने मूठभर दाणे वर उचलले.

"परत न्यायला आलास व्हय रं?"

"व्हय आक्का."

"लय उशीर केलास. आता न्हाई यायची मी. माझी मेंढरं कोण बघंल?" तिने जोंधळा आपल्या पाटीत ओतला आणि रिकामं सूप आण्णांच्या हातात दिलं. "जोंधळं मातूर ठिवून घेती. आईचं हाय."

येताना आण्णा सूप छातीशी धरून रडत होते. आणि खरं सांगते, मीही.

घर आल्यावर मी म्हटलं, "आता डबा बंद केलात तरी चालेल."

"कसा करू वहिनी? तिच्या नातीच्या अहवालाचं तुकडं कुणाच्या तरी डब्यात हुतं, म्हणून आक्का गावली. त्यो माणूस कोण, मला ठावं न्हाई. माझ्या डब्यात कुणाची आक्का असंल, ते त्याला तरी कुठं ठावं हाय?"

मंडळ मला अजूनही समजलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात ह्यांनी आमच्याकडेही एक डबा आणलाय. लाइट गेली की आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यानेच वारा घेतात.