भर बाजारात दीपाचे आकडे

मोडेमने शीळ घातली, कुरकुर केली आणि तो गप्प झाला. कनेक्शन लागलं, पण ई-मेलचं पान उघडेना. 'पत्ता सापडत नाही', पडद्यावर तेवढंच पुन्हा पुन्हा.

राहात्याच्या त्या पेठेत पहिलं इंटरनेट आणलं ते भीमराजने, नव्याण्णव साली, दुकानाच्या पंख्याचे पैसे त्यात घालून. कालच स्वतःच्या हाताने सगळं जोडलं होतं. त्याच्या लेकीला, दीपाला, बंगळुरूच्या संस्थेत संशोधनाची जागा मिळाली होती आणि आज संध्याकाळपर्यंत ई-मेलने 'येते' असं कळवायचं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याची.

"नगरला जाऊन कळवते," ती सकाळी म्हणाली, तसा भीमराज उसळला होता.

"घरात हीर आसताना माजी पोर दुसऱ्याच्यात पानी भरंल व्हय?"

आता दुपार कलली होती. नगरला पोचून उपयोग नव्हता.

"अण्णा, नगरच्या इंटरनेट कंपनीला फोन लावा," दीपा म्हणाली.

भीमराजने रिसीव्हर उचलला आणि कनेक्शन तुटलं. इंजिनिअर म्हणाला, "इंटरनेट चालू ठेवून बोला." पण दोन्हीला फोनची लाइन तर एकच! समोर छगनचं केशकर्तनालय होतं. गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून छगन तिथल्या फोनला चिकटला. मधल्या रस्त्यात आठवड्याचा बाजार फुललेला. इंजिनिअर बोले, छगन ओरडे.

"त्यो इचारतोय, नावावरनं पत्ता कुनाला इचारायचा, त्या चौकटीत कुनाचा आकडा हाय?"

दीपाने पाहिलं. "अण्णा, हा तर आपल्याच कॉम्प्युटरचा!"

"मीच घातला," भीमराज छाती काढून म्हणाला. "आपल्या घरात परक्याला कशाला इचारायचं?"

छगनने तेही नगरला कळवलं आणि तिकडचं हसू भर रस्त्यात आणून ओतलं.

"मालक, तुमचं मशीन सोताच सोताला पत्ता इचारत बसलंय! कंपनीचा आकडा घाला!"

भीमराजचे कान तापले. छगन आकडे सांगू लागला, पण पेरूवाल्यांच्या आरोळ्यांत ते बुडून गेले. तेव्हा पेरूच्या पाटीमागून म्हातारी भागूबाई उठली.

"भाव थांबवा रं! भीमराजची लेक बंगळुराला निघालीया!"

आणि बाजार गप झाला. तागडीत पेरू राहिला, मुठीत माप राहिलं, ओठात भाव राहिला. एकेक आकडा या तोंडून त्या तोंडी, रस्ता ओलांडून दीपापर्यंत आला. पुन्हा शीळ, पुन्हा कुरकुर... आणि पान उघडलं!

अख्खा बाजार दुकानात घुसला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सगळ्यांत पुढे. दीपाने नाव घातलं आणि तिची बोटं थबकली.

"घाल की गं पुढचं," भागूबाई म्हणाली. "आमी हाय ना समदी!"

"म्हणूनच तर, आत्या! पासवर्ड कुणी बघायचा नसतो. पाठ फिरवा सगळ्यांनी."

बाजाराने पाठ फिरवली.

"अण्णा, तुम्हीपण."

भीमराज भिंतीकडे वळला. मागे कीबोर्डच्या कळा टकटकल्या, थांबल्या, पुन्हा टकटकल्या.

"अण्णा, गेलं! बघा की आता इकडं."

सगळे वळले. भीमराज काही वळेना. भिंतीकडेच तोंड करून तो बाहीने डोळे टिपत होता.

"थांब जरा," तो म्हणाला. "माजा बी पासवर्ड चाललाय."