बेडशाच्या डोंगरावरील हिवाळी चढाईचा सुरक्षा-अहवाल

डोंगर चढताना होणारे बहुतेक अपघात डोंगरावरच होतात. हे सत्य ओळखून आमच्या लोणावळ्याच्या 'सुरक्षित गिरिभ्रमण मंडळा'ने स्थापनेनंतर चार वर्षं एकही डोंगर चढला नाही. या काळात अपघातांचं प्रमाण शून्य राहिलं.

पाचव्या वर्षी सभासदांत अस्वस्थता पसरली (त्यांनी बूट घेऊन ठेवले होते), तेव्हा डिसेंबरातल्या एका रविवारी बेडशाच्या लेण्यांवरचा डोंगर चढायचं ठरलं. गावातली शेळी हा डोंगर चढून न्याहारीपर्यंत परत येते. पण शेळी पूर्वतयारी करत नाही, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

पूर्वतयारी अध्यक्ष सुहास सरांकडे होती. सर विमा कंपनीतून निवृत्त झालेले. माणसाला काय काय होऊ शकतं, याच विषयावर त्यांची हयात गेलेली. त्यांनी नऊ बैठका घेऊन 'हिवाळी चढाई सुरक्षा-नियमावली' सिद्ध केली. तीत सदतीस धोके होते. नियमावलीला आधार हिमालयातल्या एका पुस्तिकेचा असल्यामुळे एकविसावा धोका हिमस्खलन हा होता.

"सर, मावळात बर्फ कुठं पडतो?" आमच्या आरोग्यप्रमुख ज्योत्स्नाताईंनी विचारलं.

"आजवर पडला नाही, म्हणून उद्या पडणार नाही, असं विम्यात चालत नाही," सर म्हणाले.

बर्फाचा कडा अंगावर आल्यास पोहल्यासारखे हात मारत पृष्ठभागावर राहायचं असतं. त्याचा सराव आम्ही ज्योत्स्नाताईंच्या गच्चीवर तीनदा केला. शेजाऱ्यांनी गैरसमज करून घेतला, पण जनजागृतीचं काम असंच असतं. मधमाश्यांचा विषयही नवव्या बैठकीत निघाला होता, पण तेवढ्यात चहा आला.

ठरल्या रविवारी आम्ही अठरा जण निघालो. प्रत्येकाच्या अंगात तीन स्वेटर, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी. लेणी मागे टाकून वरच्या कड्याखाली पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि आम्ही घामाने निथळत होतो. परंतु नियम एकोणीस स्पष्ट होता: 'हिवाळ्यात प्रत्येक थांब्यावर शरीराचं तापमान राखण्यासाठी शेकोटी पेटवावी.' घामाला त्यात सूट नव्हती. सरांनी काटक्या गोळा करवल्या आणि स्वतःच्या हाताने पेटवल्या.

जवळच एक साठीची बाई अंगावर घोंगडी घेऊन शेळ्या राखत होती. नाव अंबूबाई, हे नंतर कळलं. ती लगबगीने आली.

"आवो भाऊ, जाळ इझवा आदी! वर कड्याला आग्या मोहोळ हाय. धूर लागला तर न्हाई सोडायच्या त्या माश्या."

सर सभ्य गृहस्थ. त्यांनी शांतपणे विचारलं, "मावशी, तुमचं गिर्यारोहणाचं प्रशिक्षण कुठं झालंय?"

"माजं? मी हितलीच हाय की!"

"म्हणजे प्रमाणपत्र नाही," सर माझ्याकडे वळून म्हणाले. मी चिटणीस या नात्याने तशी नोंद घेऊ लागलो. नोंद पुरी व्हायच्या आत मोहोळ उठलं.

आधी आवाज आला, मग ऊन काळवंडलं. सरांनी नियमावली उघडली. मधमाश्या तीत नव्हत्या. तेव्हा वरून अंगावर येणारा सर्वांत जवळचा धोका म्हणून सर ओरडले, "एकवीस! नियम एकवीस!" आणि अठरा माणसं कोरड्या गवतात पोहू लागली. हलणाऱ्या हातांवर माश्या अधिक तुटून पडतात, ही माहिती आम्हाला त्याच वेळी मिळाली.

सर पडले. त्यांचा चेहरा डोळ्यांदेखत सुजत चालला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मला त्या क्षणी माझी मुलगी आठवली (हे अहवालात बसत नाही, तरी राहू द्यावं).

"हात नका हालवू! मुंडी खाली घाला, गप पडून ऱ्हावा!" अंबूबाई धावत आली. तिने अंगावरची घोंगडी ओढून सरांवर आणि ज्योत्स्नाताईंवर टाकली. आम्ही पालथे पडलो. ती मात्र शेकोटीपाशी उभी राहून दोन्ही हातांनी जाळावर माती लोटत होती. धूर थांबला. वीसेक मिनिटांनी माश्याही थांबल्या.

सर दोन दिवस दवाखान्यात राहिले आणि सुखरूप घरी आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हा अहवाल सांगितला, मी लिहिला. त्यातील निष्कर्ष असे: हिमस्खलनात एकही सभासद दगावला नाही. मधमाश्या हा धोका क्रमांक अडतीस धरावा. स्थानिक महिलेस मंडळातर्फे विनामूल्य सुरक्षा-प्रशिक्षण द्यावं. सोबत डंखांचा तपशील जोडला आहे: सुहास सर एकवीस, ज्योत्स्नाताई चार, चिटणीस सात, उर्वरित पंधरा सभासद मिळून शंभर. एकूण एकशे बत्तीस. बेरीज दोनदा तपासली आहे. सर्वसाधारण सभेने अहवाल एकमताने मंजूर केला.

आपली घोंगडी दुसऱ्यांवर टाकून उघड्या डोक्याने जाळ विझवणाऱ्या अंबूबाईला किती डंख बसले, याचा रकाना त्या तपशिलात नाही. सभेत कुणी विचारलंही नाही. वाचकहो, आपणही आत्ता तो तपशील वाचलात, बेरीज मान्य केलीत आणि पुढे आलात. सभासदत्वाचा अर्ज आपल्या पत्त्यावर पाठवत आहोत.