लल्ला मन्नूबियाच्या घराचे नऊ फोटो

वसीलाच्या अंगणाचा फोटो उत्सव मंडळाच्या दिवाणखान्यात लागला, त्या दिवसापासून लल्ला मन्नूबियाला, म्हणजे मन्नूबियाबाईंना, जेवण गोड लागेना. भिंतीएवढा फोटो! आणि त्यात शेजारणीच्या फरशा अशा चमकत होत्या, जणू त्या बाईनं जन्मात कधी फडकं हातात धरलं होतं.

"तिच्या खांबाला तडा आहे. चुन्यानं बुजवलाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"फोटोत नाही दिसत," सी सादोक हरिसाच्या तिखट चटणीत पाव बुडवत म्हणाला.

"तुम्हाला कधी काय दिसलंय?"

ट्युनिसच्या जुन्या शहरातल्या घरांचे फोटो मंडळ गोळा करत होतं. त्यातला एक यंदाच्या उत्सवाच्या पोस्टरवर झळकणार होता. तो वसीलाचा निघाला, तर मन्नूबियाला हम्मामात न्हायला येणाऱ्या बायकांना तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. तिनं फोटोवाल्या स्कंदरला निरोपांवर निरोप धाडले.

तो यायच्या सकाळी तिनं अंगण धुऊन काढलं. रिकामे डबे, मोडकी खुर्ची, जुनी गादी, सगळा पसारा जिन्याखाली कोंबला. तिथं भर दुपारी मांजर बसलं तरी दिसत नसे.

स्कंदरनं कॅमेऱ्याची तिपाई रोवली. "खाला, आता कुणी हलू नका. एकाच जागेवरून तीन फोटो घेतो. एक काळपट, एक मधला, एक लख्ख. मग तिन्ही एकात मिसळतो. आभाळही नीट येतं आणि सावलीतलंही. एचडीआर म्हणतात याला."

"वसीलाचे किती घेतलेस?"

"तीनच."

"माझे नऊ घे."

"नऊ कशाला, खाला? इतके घेतले तर काळोखातलं बारीकसारीकही उजळून..."

"उजळू दे! माझ्या घरात लपवण्यासारखं आहे काय? तुझ्या आईच्या बाळंतपणात दोन दिवस मी उशाशी बसले, आणि तुला सहा फोटो जड झाले?"

स्कंदरनं नऊ घेतले.

शनिवारी मंडळात फोटो लागला. खांब दुधासारखा, आभाळ निळंभोर. मन्नूबिया नवरीसारखी नटून शेजारी उभी राहिली. वसीला आली, चष्मा पुसून फोटोला नाक लावून उभी राहिली, आणि तिथून हलेचना.

"जळतेस का गं?" मन्नूबियानं प्रेमानं विचारलं.

"मन्नूबिया, जिन्याखाली ते माझं भांडं का?"

गादीच्या मागून कुसकुस वाफवायचं तांब्याचं मोठं भांडं डोकावत होतं. चार वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाला मन्नूबियानं ते मागून नेलं होतं. कल्हईवाल्याकडून परस्पर तुझ्याकडे गेलं, असं तिनं भाकरी-मिठाची शपथ घेऊन सांगितलं होतं, आणि तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं. पुढच्या वर्षी भांडं जिन्याखाली सापडलं. पण घेतलेली शपथ आता परत कशी घ्यायची? वसीलानं तर तेव्हापासून बिचाऱ्या कल्हईवाल्याला सलाम करणं सोडलं होतं.

"यंत्र आहे ते! मनाचं काहीही काढतं," मन्नूबिया म्हणाली.

स्कंदरला त्याच्या यंत्राची बदनामी सोसवेना. त्यानं भांडं कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून दाखवलं. "बघा ना, खाला! नऊ घेतले म्हणून कोरलेलं नावसुद्धा वाचता येतंय. वसीला बिन्त हाज सालिम! हाज सालिमची लेक वसीला!"

अख्खी गल्ली गोळा झाली. "उतरवा हा फोटो! चोरीचा माल आहे त्यात!" वसीला किंचाळली. मन्नूबियानं मनात हिशेब मांडला. भांडं गेलं, अब्रू गेली, आता पोस्टरही जाणार.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "हात लावू नका याला," त्या म्हणाल्या. "पोस्टरवर हाच."

वसीलाचा चेहरा असा पडला, की मन्नूबियानं त्याच आनंदात दुपारी भांडं चिंच-मिठानं घासून तिच्या दारात नेऊन ठेवलं.

दोन आठवड्यांनी पोस्टर लागलं. मन्नूबिया भट्टीवर पाव आणायला गेली आणि भिंतीपाशी थबकली. खांब नव्हता. फरशा नव्हत्या. आभाळाचा तर तुकडाही नव्हता. अध्यक्षबाईंनी फोटोचा जिन्याखालचा कोपरा तेवढा कापून घेतला होता. काळोखात लालसर चकाकणारं तांब्याचं भांडं, आणि त्याच्या पोटावर, वेशीपासून वेशीपर्यंत प्रत्येक भिंतीवर, हातभर अक्षरांत वसीलाचं आणि तिच्या बापाचं नाव.

"मुबारक, लल्ला," मागून वसीलाचा मधाळ आवाज आला. "शेवटी तुझंच घर लागलं हो!"

मन्नूबियानं पाव काखेत मारले आणि पोस्टरवर बोट टेकवलं.

"भांडं असेल तुझं. मागचा काळोख माझा आहे!"