वानर मास्तरांचा हललेला फोटो

एका जंगलात, बाळांनो, दूरदेशीच्या एका सिंहिणीचं राज्य असताना, एक नाटक कंपनी होती.

कंपनीत राजाचं काम वानर मास्तर करत. राजपुत्र मेल्याची बातमी आली की ते असे धावत, असे कोसळत, की गेंडासुद्धा हुंदके देई. दाराशी भाला धरून रेडा उभा असे. त्याला एकच वाक्य होतं. तेही तो विसरे.

एकदा सिंहिणीच्या मुलखातून बगळा आला. त्याच्याकडे फोटो काढायची पेटी होती. कंपनीचे मालक तरस भाऊसाहेब हरखले.

"फोटो झाडोझाडी लावू. प्रेक्षक लोटतील!"

बगळ्याने महालाचा रंगवलेला पडदा टांगला. मास्तरांच्या मानेला मागून लोखंडी चिमटा अडकवला.

"भिंगावर झाकण परत लावेपर्यंत हलायचं नाही."

"अहो, माझा मुलगा मेलाय!"

"मेला असेल. पापणी हलता कामा नये."

मास्तरांनी खूप आवरलं. पण राजपुत्र आठवला आणि हुंदका आलाच. फोटोत मुकुट आला. मुकुटाखाली नुसता धूर.

फोटो उमटवायची एक काच उरली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून तिच्यावर रेड्याचा फोटो काढला. तो झकास आला. शिंगावरची माशी तेवढी पुसट.

फोटो झाडांवर लागला. सारं जंगल म्हणालं, "काय हा नट!" लगेच भाऊसाहेबांनी मुकुट रेड्याला दिला आणि भाला मास्तरांना.

पुढच्या खेळात राजपुत्र मेल्याची बातमी आली. रेडा उभा. त्याने रवंथसुद्धा थांबवला. जाणकारांनी माना डोलावल्या. "हुबेहूब फोटोसारखा!"

मास्तरांना ते पाहवेना. ते मालकांकडे गेले.

"भाऊसाहेब, उभा जन्म या कामात घातला. दाराशी उभं राहून बघताना जीव तुटतो हो. माझा राजा मला परत द्या."

"देतो की. मानेला चिमटा लावून करा."

काय करतील बिचारे? त्यांनी चिमटा लावून घेतला. बातमी आली. मास्तर जागचे हलले नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता कुठे मास्तरांना अभिनय जमला," पहिल्या रांगेतलं साळिंदर म्हणालं.

ते ऐकून मास्तरांच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी ओघळलं.

"अहो, हलताय!" साळिंदर खेकसलं.

तात्पर्य : मुलांनो, कामात जीव ओतू नये. फोटो बिघडतो.